मोमोतारोचा जन्म, ओनीचे शिंग आणि उराशिमाची पेटी

आपले तीन प्रश्न एकत्रच घेते. आठ वर्षांच्या मुलीला जपानी परीकथा वाचून दाखवताना आपल्या हाती ओनी नावाच्या शिंगवाल्या भयंकर जीवांना हरवून त्यांचा खजिना घरी आणणाऱ्या मोमोतारो या वीराची दोन पुस्तके आली. एकात नदीतून वाहत आलेल्या फळातून बाळ बाहेर येते, तर दुसऱ्यात ते फळ खाऊन म्हातारा-म्हातारी तरुण होतात आणि मग रीतसर त्यांना मूल होते. यांपैकी खरी गोष्ट कोणती, हा पहिला प्रश्न. 'ओनी' या शब्दासाठी मराठीत 'राक्षस' वापरावे का, हा दुसरा. आणि कासवावर दया करणाऱ्या, समुद्रापलीकडच्या लोकात जाऊन आलेल्या आणि तिथून मिळालेली, उघडायची नसलेली पेटी उघडणाऱ्या उराशिमा तारोला शेवटी म्हातारपणाची शिक्षा का झाली, असे मुलीने विचारले तर काय सांगावे, हा तिसरा. जपानी भाषा शिकवताना आणि या कथा मराठीत आणताना गेली वीसेक वर्षे मी या तिन्ही प्रश्नांशी झुंजते आहे, आणि माझ्या मते ते मुळात एकाच ठिकाणाहून उगवतात. आज छापील पुस्तकांत एका बाजूला शूर माणूस आणि दुसऱ्या बाजूला दुष्ट अमानवी शक्ती अशी जी स्वच्छ वाटणी दिसते, ती जुन्या पाठांत नाही. ती बऱ्याच अंशी मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांत, शाळकरी मुलांसाठी म्हणून करण्यात आली.

आधी 'परीकथा' या शब्दाविषयी थोडेसे. या कथांत पऱ्या जवळपास नाहीतच. जपानी लोक अशा गोष्टींना 'मुकाशीबानाशी' म्हणतात, म्हणजे नुसतेच 'पूर्वीची गोष्ट'. तिची सुरुवात ठरलेली असते: 'मुकाशी मुकाशी, आरु तोकोरो नि', फार फार पूर्वी, एका ठिकाणी. कुठल्या ठिकाणी, ते सांगायचे नाही; आपले आटपाट नगर जसे नकाशावर सापडत नाही, तसेच. याउलट जी कथा एखाद्या डोंगराला, पुलाला, देवळाला बांधलेली असते आणि खरी म्हणून सांगितली जाते, तिला 'देन्सेत्सु' म्हणतात. वीरांच्या कथांची गंमत अशी की त्या या दोन प्रकारांच्या मधल्या बांधावर उभ्या असतात. मोमोतारो 'एका ठिकाणी' जन्मतो खरा, पण ओकायामा शहरात विचारलेत तर तो त्यांच्याच गावचा असल्याचे आपल्याला ठामपणे सांगितले जाईल.

आता मोमोतारोचा जन्म. 'मोमो' म्हणजे पीच, जुन्या मराठीतला सप्ताळू. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, लाल पुठ्ठ्याच्या ज्या छोट्या चित्रपुस्तिका निघत, त्यांत आपल्याकडच्या दुसऱ्या पुस्तकासारखाच पाठ प्रामुख्याने आढळतो: म्हातारी नदीवर कपडे धुवायला जाते, तिला वाहत आलेले फळ सापडते, ती आणि म्हातारा ते खातात, दोघांची कातडी तुकतुकीत होते आणि यथावकाश मुलगा जन्मतो. हा पाठ चावट नव्हे. फळात तारुण्य देण्याची शक्ती आहे, हाच त्याचा गाभा आहे. पण १८८७ साली ही कथा शालेय वाचनमालेत आली आणि त्यानंतर फळातून थेट बाळ बाहेर येणारा पाठच सर्वत्र रूढ झाला. वर्गात बसलेल्या मुलांना म्हातारा-म्हातारीच्या पुनर्यौवनाचा अर्थ समजावून सांगण्याची वेळ कोणत्या शिक्षकावर यावी, असा प्रश्न पुस्तक तयार करणाऱ्यांना पडला असावा. तेव्हा आपल्या हातातील दोन्ही पुस्तके खरी आहेत. एकात छापखान्यातली जुनी परंपरा आहे, तर दुसऱ्यात शाळेतली.

यापेक्षाही मला प्रिय असलेला तिसरा पाठ तोंडी परंपरेतला आहे, आणि तो ओकायामा, हिरोशिमा आणि शिकोकू बेटाच्या भागात मिळतो. त्यात मोमोतारो चक्क आळशी आहे. शेजारची मुले लाकडे आणायला डोंगरावर बोलावतात तेव्हा तो आज दोरी वळायची आहे, उद्या चपला वळायच्या आहेत अशी कारणे सांगतो. शेवटी गेला तरी झाडाखाली ताणून देतो आणि संध्याकाळी घरी निघताना अख्खे झाड मुळासकट उपटून आणतो. ईशान्य जपानातला चिकारातारो तर याच्याही पुढचा. वर्षानुवर्षे आंघोळ न केलेले एक म्हातारे जोडपे अंगाचा मळ काढून त्याचा बाहुला करते, आणि तो बाहुला मणभर जेवून अचाट बळाचा मुलगा होतो. मराठी श्रोत्याला इथे पार्वतीच्या अंगाच्या मळापासून झालेला गणपती आठवल्याशिवाय राहत नाही. या दोन कथांचा एकमेकींशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा पुण्यात सांगितली, तेव्हा एका तरी मुलाने मध्येच उठून गणपतीचे नाव घेतले आहे.

या जन्मांकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. जपानी कथेतला वीर सहसा माणसाच्या पोटी साधेपणाने जन्मत नाही. तो फळातून, मळातून, बांबूच्या पेरातून किंवा देवाला घातलेल्या साकड्यातून येतो, आणि त्याचा आकार किंवा बळ माणसाच्या मापाचे नसते. इस्सुनबोशीच्या नावातच त्याची उंची आहे: एक 'सुन' म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर. वाडग्याची नाव, चॉपस्टिकचे वल्हे आणि सुईची तलवार घेऊन राजधानीला निघालेला हा चिमुकला आपल्याला गोड वाटतो, पण मुरोमाची काळापासून, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकापासून, प्रचारात असलेल्या 'ओतोगीझोशी' या कथांतल्या पाठात बारा-तेरा वर्षांचा होऊनही न वाढलेल्या या मुलाकडे पाहून आईबापांनाच वाटते की हा माणूस नसून काहीतरी पिशाच्च असावे. पुढे तो मालकाच्या झोपलेल्या मुलीच्या ओठांना तांदळाचे दाणे लावून तिच्यावर चोरीचा आळ आणतो आणि तिला घराबाहेर काढवून स्वतःसोबत नेतो. मुलांच्या पुस्तकांतून हा प्रसंग अर्थातच गायब झाला आहे. तो गाळण्याला माझी हरकत नाही, आठ वर्षांच्या मुलीला तर मीही सांगणार नाही. पण मोठ्यांनी तो वाचलेला असावा.

मोमोतारोच्या फळाचेही असेच आहे. इ.स. ७१२ मध्ये लिहिल्या गेलेल्या 'कोजिकी' या ग्रंथात इझानागी हा देव मेलेल्या पत्नीला परत आणायला पाताळात जातो आणि तिथून पळून येताना मागे लागलेल्या पाताळसैन्यावर तीन पीच फेकतो. ते सैन्य माघारी पळते आणि देव त्या फळाला मोठे नाव बहाल करतो. पीच दुष्ट शक्तींना पळवतो ही समजूत मूळची चीनमधली. म्हणजे ओनी ज्या फळाला भितात, त्याच फळाच्या पोटातून हा मुलगा येतो. त्याची खरी ताकद तलवारीत नसून जन्मात आहे, आणि हे ध्यानात घेतले की त्याच्या सोबतीला मोठे सैन्य नसून केवळ कुत्रा, माकड आणि एक रानकोंबडा का पुरतो, हेही उलगडते.

या तीन प्राण्यांविषयी एक प्रसिद्ध स्पष्टीकरण आपल्याला कुठेही वाचायला मिळेल. जुन्या चिनी-जपानी पंचांगात ईशान्य ही ओनींच्या प्रवेशाची दिशा, आणि तिची राशिचिन्हे बैल व वाघ. म्हणून ओनीला बैलाची शिंगे आणि कमरेला वाघाचे कातडे. तिच्या समोरच्या बाजूला माकड, कोंबडा, कुत्रा ही चिन्हे येतात, म्हणून तेच मोमोतारोचे साथीदार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताकिझावा बाकिन या लेखकानेही या अंगाने लिहिले आहे. कल्पना सुबक आहे, पण ईशान्येच्या नेमकी समोरची चिन्हे मेंढी आणि माकड आहेत, त्यामुळे मेंढीला सोयीस्करपणे वगळावे लागते. मी हे स्पष्टीकरण सांगते, पण त्यावर भार टाकत नाही.

मेइजी काळातील बदल केवळ जन्मापुरता राहिला नाही. १८९४ मध्ये इवाया साझानामी यांनी जपानी मुकाशीबानाशींची मालिका सुरू केली आणि तिचे पहिले पुस्तक मोमोतारोचे होते. त्यात ओनींचा गुन्हा असा सांगितला आहे की ते सम्राटाची सत्ता मानत नाहीत. ते वर्ष चीनशी युद्ध सुरू झाल्याचे होते, हे विसरून ती ओळ वाचता येत नाही. याच मजकुराच्या आधारे पुढे इंग्रजीत पुस्तके झाली आणि भारतात आपण बहुतेकांनी या कथा प्रथम वाचल्या त्या इंग्रजीतूनच, त्यामुळे साझानामींच्या कात्रीची धार आपल्यापर्यंतही पोचली आहे. दुसऱ्या महायुद्धात तर मोमोतारो नौदलाचा सेनानी झाला. १९४५ साली प्रदर्शित झालेल्या, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा मानल्या जाणाऱ्या अॅनिमेशनपटाचा नायक तोच आहे आणि ओनी आहेत ते इंग्रज-अमेरिकन.

परंतु या वीराबद्दलची शंका जपानमध्येही जुनी आहे. कथाकथनाच्या एका कार्यक्रमानंतर एका मुलाने मला विचारले होते की ओनींचा खजिना मोमोतारोने घरी आणला, मग तो चोर नाही का. त्याला मी सांगितले की हाच प्रश्न फुकुझावा युकिची या विचारवंताने १८७१ मध्ये स्वतःच्या मुलांसाठी लिहिलेल्या धड्यांत मांडला आहे: खजिन्याचे मालक ओनी होते, कारण नसताना दुसऱ्याची वस्तू घ्यायला जाणारा मोमोतारो हा दुष्ट म्हटला पाहिजे, ओनी दुष्ट असतील तर त्यांना शासन करणे योग्य, पण त्यांची संपत्ती घरी आणणे ही निव्वळ हाव. १९२४ मध्ये आकुतागावा र्‍यूनोसुके यांनी याच कथेवर उपरोधिक कथा लिहिली, तिच्यात ओनी ताडामाडांच्या बेटावर सुखाने नांदत असतात आणि मोमोतारो हा चढाई करून येणारा लुटारू ठरतो. म्हणून आपल्या मुलीने असा प्रश्न विचारला तर तिला गप्प करू नये.

आता ओकायामा. पुण्याच्या वाचकांना सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ठाऊक असते. ते पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक आहे आणि ओकायामाच्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर रचले आहे. त्याच ओकायामाच्या रेल्वे स्थानकासमोर मोमोतारोचा पुतळा आहे. हा भाग म्हणजे प्राचीन किबी प्रांत, आणि मोमोतारो वाटेत प्राण्यांना देतो ते खाद्यही 'किबी दांगो'. किबी म्हणजे वरीच्या जातीचे भरडधान्य. त्याच्या पिठाचे वाफवलेले किंवा उकडलेले गोळे म्हणजे दांगो. मराठी अनुवादांत त्याचे 'लाडू' होतात. तूप-गूळ नसलेल्या त्या चिकट गोळ्यांना लाडू म्हणणे मला पटत नाही, पण लहान मुलांसमोर मी स्वतःही कधी कधी ही चूक करते.

किबी प्रांतात मोमोतारोच्या मागे उभी असलेली स्थानिक आख्यायिका मात्र छापील गोष्टीपेक्षा कितीतरी गडद आहे. तिथे ओनीला नाव आहे: उरा. तो कोरियातील बेक्चे राज्याचा राजपुत्र असल्याचे सांगतात. तो डोंगरावर किल्ला बांधून राहिला आणि लोकांना लुटू लागला, म्हणून यामातोच्या, म्हणजे जुन्या जपानी सम्राटांच्या, राजसत्तेने किबित्सुहिको या राजपुत्राला पाठवले. किबित्सुहिकोने बाण मारावा आणि उराने फेकलेल्या दगडाने तो हवेतच अडवावा, असे बराच वेळ चालले; शेवटी त्याने एकाच वेळी दोन बाण सोडले, एक दगडावर आदळला आणि दुसरा उराच्या डाव्या डोळ्यात घुसला. वाहिलेल्या रक्ताने लाल झालेल्या नदीला आजही चिसुइगावा, म्हणजे 'रक्तशोषी नदी', म्हणतात. उरा रानकोंबडा होऊन उडाला तर राजपुत्र ससाणा झाला. उरा कार्प मासा होऊन नदीत शिरला तर राजपुत्राने पाणकावळा होऊन त्याला पकडले. हे रूप पालटण्याचे युद्ध वाचताना दोघांत ओनी कोण आणि वीर कोण, हे सांगणे अवघड होऊन बसते, कारण दोघांकडे विद्या एकच आहे.

पुढचा भाग तर मुलांच्या कोणत्याही पुस्तकात येत नाही. उराचे शिर कापले, पण ते वर्षानुवर्षे ओरडतच राहिले. चुलीखालच्या जमिनीत पुरले तरी आवाज थांबेना. अखेर उराने स्वप्नात येऊन सांगितले की माझ्या पत्नीला माझ्यावरच्या चुलीवर देवाचा भात शिजवू द्या, म्हणजे मी कढईच्या आवाजातून लोकांचे शुभाशुभ सांगेन. ओकायामाजवळच्या किबित्सु देवस्थानात ती चूल, ती कढई आणि तो विधी अजून आहे; कढई घुमली तर शुभ, घुमली नाही तर अशुभ. उएदा आकिनारी यांच्या १७७६ मधील भयकथासंग्रहातली एक कथा याच कढईच्या अपशकुनापासून सुरू होते. म्हणजे देऊळ जिंकणाऱ्याचे आहे, पण भविष्य सांगतो तो हरलेला. उराच्या नावाने ओळखला जाणारा किनोजो, म्हणजे 'ओनीचा किल्ला', हीदेखील केवळ कल्पना नाही. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील डोंगरी किल्ल्याचे अवशेष तिथे उत्खननात मिळाले असून त्याच्या तटाचा घेर सुमारे २.८ किलोमीटर आहे. किबी जुन्या काळी लोखंडासाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे समुद्रापलीकडून लोहविद्या घेऊन आलेल्या लोकांची आठवण उराच्या रूपाने उरली असावी, असे काही अभ्यासक मानतात, आणि नदीच्या तांबड्या रंगाचा संबंधही ते लोहाशीच लावतात. आज त्याच शहरात ऑगस्टमध्ये 'उराजा' नावाचा नाचाचा उत्सव होतो. हजारो लोक चेहऱ्यावर ओनीचे रंग चढवून रस्त्यावर नाचतात.

या पार्श्वभूमीवर आपला दुसरा प्रश्न घेते. ओनीला 'राक्षस' म्हणावे का? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे सर्वांत साधे कारण असे की जपानी भाषेकडे 'राक्षस' हा शब्द आधीपासून आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तो तिथे पोचला आणि त्याचे 'रासेत्सु' झाले, तसे 'यक्ष'चे 'याशा' झाले. ओनी हा त्यांहून वेगळा, अधिक धूसर प्राणी आहे. इ.स. ९३० च्या दशकात मिनामोतो नो शितागो यांनी रचलेल्या कोशात ओनी हा शब्द 'ओन', म्हणजे लपलेला, यापासून आल्याची व्युत्पत्ती दिली आहे: जो आपले रूप दाखवू इच्छित नाही तो. ज्या चिनी अक्षराने तो लिहितात त्याचा अर्थ मेलेल्याचे भूत असा आहे. पुढे बौद्ध नरकचित्रांतील यमदूतांची शिंगे, सुळे आणि लोखंडी गदा त्याला मिळाली आणि तो दिसू लागला. त्यात भर म्हणजे आपल्याकडे नैर्ऋत्य ही राक्षसांची दिशा आणि ईशान्य ही देवघराची. जपानात ओनी येतात ते नेमके ईशान्येकडून. त्यामुळे 'राक्षस' म्हटले की रावणापासून बकासुरापर्यंतचे सगळे सामान मराठी वाचकाच्या मनात उतरते आणि ओनीला जागाच उरत नाही. मी 'ओनी' हा शब्द तसाच ठेवते आणि पहिल्याच वेळी एका वाक्यात त्याचे वर्णन करते. मुले हा शब्द दोन मिनिटांत आपलासा करतात. घुटमळतात ते पालक. डोंगरातला पंखवाला 'तेंगू', पाण्यातला 'काप्पा', डोंगरातली 'यामाउबा' यांनाही मी हाच नियम लावते.

ओनीच्या बाजूने बोलणारी सर्वांत तिखट ओळ शुतेन दोजीच्या कथेत आहे. क्योतोच्या वायव्येला ओएयामा डोंगरावर राहणारा हा ओनींचा सरदार राजधानीतल्या मुलींना पळवून नेत असे. त्याच्यावर मिनामोतो नो योरिमित्सु, म्हणजेच राइको, याला पाठवण्यात आले. हा इतिहासातला खरा पुरुष, इ.स. ९४८ ते १०२१ हा त्याचा काळ. आणि लाल पोटबंध बांधून अस्वलाशी कुस्ती खेळणारा, मुलांच्या सणाला बाहुल्यांत मांडला जाणारा किंतारो हाच मोठेपणी साकाता नो किंतोकी या नावाने त्याच्या चार प्रमुख वीरांपैकी एक झाला. राइको, हे चार वीर आणि आणखी एक सोबती असे सहा जण डोंगरात फिरणाऱ्या साधूंचा वेष घेऊन जातात. शुतेन दोजी त्यांना पाहुणे म्हणून आत घेतो आणि आपली हकीकत सांगतो. ते त्याला देवांनी दिलेली विषारी साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजतात आणि तो निजल्यावर त्याचे डोके उडवतात. मरताना तो म्हणतो की तुम्ही खोटे बोलणार नाही असे मानून मी विश्वास ठेवला. ओनी असे कपट करत नाहीत. आणि मग तुटलेले शिर उडून राइकोच्या शिरस्त्राणाला कडकडून चावते. ज्या तलवारीने हे शिर उडवले असे मानतात, ती 'दोजीगिरी यासुत्सुना' आजही तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली आहे. कथा सांगणाऱ्याला राइको हवा आहे, पण शेवटचा शब्द त्याने ओनीला दिला आहे. शिवाय किंतारोची आई अनेक पाठांत यामाउबा, म्हणजे डोंगरातील जखीण, असते. म्हणजे ओनी मारायला गेलेल्या सहांपैकी एकाचे आजोळ तर डोंगरापलीकडचेच.

भारताशी असलेला खरा दुवा या वीरकथांपेक्षा दुसरीकडे सापडतो, म्हणून तो थोडक्यात सांगते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'कोंजाकू मोनोगातारी' या संग्रहात हजाराहून अधिक कथा आहेत आणि त्यांचे भाग भारत, चीन, जपान असे पाडले आहेत. त्यातल्या भारतीय भागात माकडाचे काळीज मागणारे कासव आहे, आगीत उडी घेऊन चंद्रावर गेलेला ससा आहे आणि आपला ऋष्यशृंगही आहे. तिथे तो 'एकशिंगी ऋषी' होतो, पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर घसरून पडतो, संतापून पाऊस पाडणाऱ्या नागराजांना कमंडलूत कोंडतो आणि दुष्काळ पाडतो. शेवटी एका स्त्रीच्या मोहात पडून तिला पाठुंगळी घेऊन नगरात येतो आणि लोकांच्या हसण्याचा विषय होतो. महाभारतात दुष्काळ संपवणारा ऋषी जपानात दुष्काळ आणणारा झाला. या कथेवरून पुढे 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातले नाटक झाले आणि काबुकीतील 'नारुकामी' हे गाजलेले नाटकही. त्याच संग्रहात भारतातून निघालेला एक तेंगू समुद्राचे पाणी बौद्ध वचने म्हणत असल्याचे ऐकतो आणि त्या आवाजाचा माग काढत जपानपर्यंत पोचतो. ही कथा मला फार आवडते, पण ती विषयांतर होईल.

राहिला उराशिमा तारो. मुलांनी छळलेल्या कासवाला सोडवण्याचा प्रसंग जुन्या पाठांत नाहीच. तो उशिरा, दयेचा धडा देण्यासाठी आला. आणि त्यामुळेच आपल्या मुलीचा प्रश्न निर्माण झाला आहे, कारण आरंभी दया ठेवली की शेवटी बक्षीस यायला हवे, आणि ते येत नाही. इ.स. ७२० मधील 'निहोन शोकी'त तो नुसता मासे धरायला जातो, त्याला कासव मिळते, कासवाची स्त्री होते आणि तो तिच्या प्रेमात पडून समुद्रापलीकडच्या अमरलोकात जातो. तांगो प्रांताच्या जुन्या वृत्तांतात तर त्या लोकाच्या दाराशी त्याला आधी सात आणि मग आठ मुले भेटतात; सात म्हणजे कृत्तिका आणि आठ म्हणजे रोहिणीच्या आसपासचा तारकापुंज. कासवावर उपकार नाहीत आणि शिक्षाही नाही. आहे ते एका मर्त्य माणसाचे अमर स्त्रीशी लग्न आणि घरची ओढ. तिथली तीन वर्षे म्हणजे इथली तीनशे. आपल्याकडे राजा ककुद्मी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परत येईपर्यंत पृथ्वीवर युगे उलटली, तसेच हे. आपेक्षिकतेच्या सिद्धान्तातील काळाच्या मंदावण्याला जपानी लोक आजही 'उराशिमा परिणाम' म्हणतात.

पेटीत काय होते, याविषयी पाठांत एकवाक्यता नाही. तांगोच्या वृत्तांतात पेटी उघडताच सुगंधी असे काहीतरी वाऱ्याबरोबर आकाशात निघून जाते आणि आता तिची भेट नाही हे त्याला कळते. 'मान्योशू' या काव्यसंग्रहात पांढरा ढग निघतो, तो बाह्या फडकवत त्याच्यामागे धावतो, पडतो, केस पांढरे होतात आणि श्वास थांबतो. कवी त्याला सरळ वेडा म्हणतो. 'ओतोगीझोशी'त मात्र पेटीत कासवाने घडी घालून ठेवलेले त्याचेच वय असते. ते बाहेर आल्यावर तो क्रौंच पक्षी होऊन उडून जातो, पुढे कासव आणि क्रौंच पुन्हा भेटतात आणि दोघांची दैवत म्हणून पूजा होते. क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर इने गावी उरा नावाच्या देवळात त्याला आजही पूजले जाते. मोमोतारोच्या वैऱ्याच्या नावाशी या नावाचा काही संबंध नाही, योगायोग आहे.

आपल्या मुलीला मी हा शेवटचा पाठ सांगेन. कासवाने त्याचे वय पेटीत जपून ठेवले होते, ते त्याचेच होते, म्हणून तिने ते त्याच्याबरोबर परत दिले. आणि 'उघडू नकोस' असे ती म्हणाली, कारण उघडल्यावर काय होईल हे तिला माहीत होते आणि त्याला नव्हते. मग उघडायचे नव्हते तर दिली कशाला, असे आपली मुलगी विचारेल. माझ्या समोरच्या बहुतेक मुलांनी विचारले आहे. त्यावर मी क्रौंच पक्ष्याकडे वळते.